चार चाकांचं वजन

साहेब निवृत्त झाले आणि घरातल्या एकाही वस्तूला सुख उरलं नाही. साखरेची पिशवी, साबणाची वडी, बिस्किटांचा पुडा, जे हाताला लागेल ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढू लागलं. चौतीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. बाजारातले दुकानदार त्यांना तोंडावर ‘साहेब’ म्हणत आणि पाठीमागे ‘मिलिग्रॅम’. हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

“अहो, एक सांगू?” एके सकाळी बायको म्हणाली. “साबण सहा ग्रॅम कमी भरला म्हणून कोणाची अंघोळ अडत नाही. जरा बाहेर पडा, चार माणसांत जा.”

त्याच दिवशी परगावी राहणाऱ्या लेकीचा फोन आला.

“बाबा, तिथे माझ्या सासरी जरा चक्कर मारून याल? सासऱ्यांनी कुठून तरी एक जुनाट गाडी आणलीय. म्हणतात, नीट करून ट्रॅकवर पळवणार. सासूबाईंना विचारलं तर त्या नुसत्या हसतात. तुम्ही बघा, सगळं ठीक आहे ना.”

साहेबांनी नाखुशीनेच होकार दिला. लेकीचे सासरे म्हणजे त्यांचे व्याही, एकतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवलेले ड्रायव्हर. अंगाने दणकट, आवाजाने त्याहून दणकट. लेकीच्या लग्नाला सहा वर्षं झाली, पण दोघांचं बोलणं ‘कसं काय, बरं आहे ना’ याच्या पुढे कधी सरकलं नव्हतं. भांडण कसलंच नव्हतं. पण सूतही जुळलं नव्हतं. साहेबांना वाटे, हा माणूस इतरांत एवढा खळखळून बोलतो, मी आलो की याच्या तोंडाला कुलूप का लागतं?

इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून साहेब गेले. विहीणबाईंनी दारातूनच मागच्या गॅरेजकडे बोट दाखवलं. तिथे तीस-बत्तीस वर्षांची, चार दारांची, एके काळी निळी असलेली गाडी चार ठोकळ्यांवर उभी होती, आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते.

“नमस्कार,” साहेब पायांना म्हणाले.

“कोण? व्याही?” खालून आवाज आला. “बरे आलात. तो सायलेन्सर दिसतोय ना, तो दोन्ही हातांनी वर धरा. घट्ट धरा हं, बोल्ट काढतोय.”

नमस्काराला हे काही उत्तर नव्हतं, पण साहेबांनी धरला. पाच मिनिटं तसेच उकिडवे बसून राहिले. शेवटचा बोल्ट सुटला तेव्हा सायलेन्सर त्यांच्या छातीवर आला आणि शर्टाचा रंग कायमचा बदलला. व्याही बाहेर सरकले, शर्टाकडे पाहिलं आणि कानकोंडे झाले.

“अरेरे. माझं चुकलंच.”

साहेब मात्र हातातल्या त्या गंजक्या नळकांड्याकडे बघत होते. “नऊ किलो,” ते म्हणाले. “सव्वानऊ असेल. एवढं जड लागतं का हे?”

“नाहीच लागत. याच्या जागी हलका बसवायचाय.”

साहेब त्या दिवशी जेवायच्या वेळेला घरी परतले नाहीत. लेकीला त्यांनी कळवलं, “डोकं ठिकाणावर आहे त्यांचं. उद्या पुन्हा बघून येतो.”

झालं होतं ते असं. बस चालवताना व्याहींच्या पायाखाली कायम वेगाला कुलूप. ताशी साठ म्हणजे साठ. त्यापुढे पाय दाबला तरी बस ऐकायची नाही, आणि ऐकली असती तरी मागे माणसं बसलेली. “एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या जिवाला जपून चालवली,” ते म्हणाले. “आता एकदा आपल्या जिवावर चालवून बघायचीय. पण रस्त्यावर नाही. रस्त्यावर पळवणाऱ्यांचा मला तिटकारा आहे.” शहराबाहेर रेसिंगचा ट्रॅक होता. तिथे महिन्यातून एक दिवस कोणीही आपली गाडी आणून पळवू शकत असे. तिथे शर्यत नसते, नंबर नसतो आणि हारतुरे नसतात, फक्त मोकळा वळणावळणाचा रस्ता असतो आणि समोरून कोणी येत नाही. गाडीही त्यांनी विचार करूनच निवडली होती. इंजिन लहान, अंग हलकं, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना, आणि आत असं काहीही नाही जे पान्याने उघडत नाही.

साहेब रोज जाऊ लागले. दुसऱ्या दिवसापासून जुना सदरा घालून आणि सोबत एक वही व छोटा काटा घेऊन. गाडीतून जे जे निघे ते तोलून लिहायचं, हे काम त्यांनी न सांगता स्वतःकडे घेतलं. मागचं बाक चौदा किलो. गालिचे आणि दारांचे अस्तर अकरा. तळाला आवाज दाबण्यासाठी चिकटवलेले डांबराचे थर निघता निघेनात, तेव्हा व्याहींनी मासळीच्या गोदामातून कोरडा बर्फ आणून वर पसरला. थोड्या वेळाने हातोडी मारली तर डांबर काचेसारखं तडकलं. ते तुकडे साहेबांनी झाडूने गोळा करून तोलले: साडेदहा किलो. डाव्या बाजूचा तळ मात्र गंजाने पार चाळण झाला होता. वेल्डरने तो कापून नवा पत्रा जोडला.

इंजिन उतरवलं, धुतलं, झिजलेल्या रिंगा बदलल्या, कार्ब्युरेटर पातेल्यात घालून उकळला. तेही विहीणबाईंच्या पातेल्यात आणि त्यांच्या नजरेआड. त्या चिडतील म्हणून दोघं अळीमिळी गुपचिळी करून बसले, पण दुसऱ्या दिवशी चहाला रॉकेलचा वास आला आणि बिंग फुटलं. विहीणबाईंनी पातेलं गॅरेजला कायमचं दान केलं आणि नवं आणायला दोघांना सोबतच बाजारात पिटाळलं. साहेबांनी दुकानात पातेल्याच्या तळाची जाडी मोजली. व्याही दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.

इंजिनाच्याही आधी व्याहींनी ब्रेक केले होते. नवे पॅड, नव्या नळ्या, उकळी उशिरा येणारं नवं तेल. “आधी थांबता आलं पाहिजे, मग पळायचं,” ते म्हणाले. हे वाक्य साहेबांना इतकं पटलं की त्यांनी ते वहीत लिहिलं. शेवटी नव्या स्प्रिंगा आल्या. प्रत्येकीच्या खाली आटे असलेली बांगडी होती. ती फिरवली की त्या कोपऱ्यात गाडी वर किंवा खाली. व्याहींनी चारही बांगड्या मोजून अकरा-अकरा आट्यांवर आणल्या. “चारही सारख्या. न्याय म्हणजे न्याय.”

पाचव्या महिन्यात गाडी ट्रॅकवर गेली. साहेब वही घेऊन भिंतीपलीकडे उभे राहिले. पहिल्या दोन चकरा व्याहींनी बस चालवल्यासारख्या काढल्या. तिसरीला जरा जोर धरला. पाचवीला इंजिनाचा सूर असा वर चढला की साहेबांच्या नकळत त्यांच्या टाचा उचलल्या गेल्या. आणि त्याच चकरेत, लांबच्या डाव्या वळणावर, गाडीचं शेपूट सुटलं. निळी गाडी स्वतःभोवती दीड वेळा फिरली आणि खडीत धुरळा उडवत थांबली.

धुरळा खाली बसेपर्यंतचा वेळ साहेबांना मोजता आला नाही, आणि असं त्यांच्या आयुष्यात क्वचितच झालं होतं. मग दार उघडलं. व्याही उतरले, हात वर करून ठीक असल्याची खूण केली, गाडीभोवती फिरले. गाडीला ओरखडाही नव्हता. माणसाचं मात्र तसं नव्हतं.

घरी आल्यावर हात धुताना व्याही म्हणाले, “हात गेले माझे, व्याही. वय झालं. डावीकडे नेली की हातातच राहत नाही. विकून टाकू.”

“उजवीकडे?”

“उजवीकडे वेगळाच तमाशा. वळतच नाही, नाक सरळ पुढे जातं.”

साहेबांनी वही उघडली. त्यांनी भिंतीपलीकडून तेच लिहिलं होतं: प्रत्येक डाव्या वळणाला मागचा भाग बाहेर, प्रत्येक उजव्या वळणाला पुढचा. जोर धरल्यापासूनच्या तिन्ही चकरांत, एकदाही उलट नाही.

“हात बिघडले तर दोन्हीकडे सारखे बिघडतात,” साहेब म्हणाले. “हे हातांचं काम नाही. हे वजनाचं काम आहे.”

त्यांनी गॅरेजमधलं डगमगणारं चौपायी स्टूल पुढे ओढलं. एका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. “आता बघा. या पायावर भार वाढला, तसा तिरक्या समोरच्या पायावरही वाढला. उरलेले दोन पाय नुसते टेकलेत. पाय चारही सारख्या लांबीचे, पण भार सारखा नाही. तुमच्या गाडीचं अंग बत्तीस वर्षांचं आहे, त्यात डावीकडे नवा पत्रा जोडलाय. ती थोडी तरी पिळलेली असणार. आटे अकरा-अकरा करून काय उपयोग? प्रत्येक चाकावर किती वजन पडतं ते तोलायला हवं.”

“गाडीचं चाक तोलायचं?”

“चारही. एकाच वेळी. तुम्हाला आत बसवून.”

साहेबांच्या जुन्या ओळखीचा एक काटे दुरुस्त करणारा होता. त्याच्याकडून त्यांनी तीनशे किलोचे चार सपाट काटे आणले, प्रमाणित वजनं ठेवून चारही तपासले आणि एक परत करून दुसरा आणला. मग फरशीकडे वळले. काटे एका पातळीत नसतील तर सगळी मेहनत पाण्यात. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन ते चार कोपऱ्यांत उकिडवे बसत हिंडू लागले. एका कोपऱ्यात चार मिलिमीटर कमी, तिथे पत्र्याच्या पट्ट्या. पुन्हा नळी. आता दुसरीकडे दीड मिलिमीटर. दुपार कलली तरी गाडी काट्यावर चढली नव्हती.

व्याहींचा धीर सुटला. “अहो, दीड मिलिमीटरने काय होतं? गाडी आहे ती, सोनं नाही!”

“व्हायचं ते होतंच. दिसणं वेगळं आणि असणं वेगळं.”

“झालं! सुरू झालं!” व्याहींनी पाना फरशीवर टाकला. “तुम्हाला माणसं दिसतच नाहीत, नुसते आकडे दिसतात. लग्नाच्या दिवशीही तेच केलंत!”

साहेब उकिडवे बसले होते ते तसेच राहिले. “लग्नाच्या दिवशी? मी काय केलं?”

“आठवतही नाही ना? कशाला आठवेल! मी सांगत होतो, घाटात ब्रेक गेले तेव्हाचं. सगळे पाहुणे जमले होते, माझे भाऊ होते, सोबतचे ड्रायव्हर होते. सत्तर माणसं होती बसमध्ये, एवढंच म्हणालो, तर तुम्ही मध्येच, ‘परवानगी तर बावन्नची असते ना?’ सगळे हसले. गोष्ट तिथेच मेली. आजपर्यंत ती मी पुन्हा कोणाला सांगितली नाही.”

नळीतलं पाणी हलायचं थांबलं.

साहेबांना ते खरंच आठवत नव्हतं. पण आपण असं म्हणालो असणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. चौतीस वर्षं दुकानात शिरल्याबरोबर ते हेच करत आले होते, आणि त्या दिवशीही हॉलमध्ये दुकानात शिरावं तसेच शिरले असणार. सहा वर्षं या माणसाच्या तोंडाला कुलूप होतं, आणि ते घालणारे आपणच!

त्यांनी नळी खाली ठेवली आणि स्टुलावर बसले. स्टूल डगमगलं.

“सांगा,” ते म्हणाले.

“काय सांगा?”

“घाटातलं. पहिल्यापासून. मी मध्ये बोलणार नाही.”

“आता कशाला शिळ्या कढीला ऊत.”

“व्याही, माझं चुकलं. मी मोजायला गेलो आणि ऐकायचं राहून गेलं. सांगा ना.”

व्याही थोडा वेळ पाना उचलून पुसत राहिले. मग सांगू लागले. आधी तुटक, मग हात पुढे धरून, जणू मोठं स्टिअरिंग हातातच आहे. पाय दाबला तर ब्रेकचं पेडल तळाला टेकलं, ते. गिअर एकेक करून खाली आणताना बस कशी किंचाळली, ते. कंडक्टरने एकालाही उठू दिलं नाही, ते. पुढच्या बाकावरच्या बाईने झोपलेलं बाळ उठू नये म्हणून त्याच्या कानांवर हात ठेवले, ते. शेवटी डोंगराच्या बाजूला बस घासत नेली, पत्रा सोलत गेला, आरसा उडाला, आणि पुढचं वळण बारा पावलांवर असताना ती थांबली. “उतरल्यावर माझे पाय चालेनात. लोकांनी मला उचलून बाजूला बसवलं. सत्तर माणसं होती, व्याही. गर्दीचा दिवस होता, मागे टाकून कोणाला येणार? सगळी उतरताना मी मोजली होती. एकूण एक.”

“सत्तर,” साहेब म्हणाले. “बरोबर आहे.”

विहीणबाई चहा घेऊन आल्या. चहा झाल्यावर व्याही स्वतःच उठले आणि नळीचं दुसरं टोक हातात घेऊन कोपऱ्यात उकिडवे बसले. “बोला, कुठे दीड मिलिमीटर?”

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काट्यांवर चढली. व्याही आत बसले, हात स्टिअरिंगवर, नजर समोर, फोटोला बसल्यासारखे. साहेबांनी चार आकडे लिहिले. पुढचं डावं अडीचशे, पुढचं उजवं दोनशे चाळीस, मागचं डावं एकशे शहाऐंशी, मागचं उजवं दोनशे सव्वीस. तिरकी बेरीज केली आणि त्यांच्या चेहऱ्यावर, व्याहींच्या म्हणण्याप्रमाणे, जत्रेतल्या पोरासारखं हसू पसरलं.

“घोडं इथे पेंड खात होतं! एका तिरक्या जोडीवर चारशे शहात्तर, दुसरीवर चारशे सव्वीस. पन्नास किलोंचा फरक. डावीकडे वळताना मागून सुटणारच हो ती!”

“म्हणजे माझे हात…”

“हात ठणठणीत आहेत.”

व्याही खिडकीतून दुसरीकडे बघू लागले.

मग बांगड्या फिरवण्याचं काम सुरू झालं. पुढची डावी अर्धा आटा खाली, मागची डावी पाव आटा वर. गाडी ढकलून खाली, पुन्हा वर. व्याही आत, आकडे वहीत. एक चाक सुधारलं की दुसरं रुसायचं. तेरा वेळा हे झालं. मध्येच विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“काय हो, वजनच करताय तर यांचं किती भरलं तेही सांगा की. मला म्हणतात, शहाऐंशी आहे.”

व्याहींनी काचेतून साहेबांकडे पाहिलं. ती नजर साहेबांनी बाजारात हजार वेळा पाहिली होती, आणि एकदाही तिला भीक घातली नव्हती. वहीत स्पष्ट लिहिलेलं होतं, शहाण्णव.

“काटा गाडीचा आहे, विहीणबाई,” साहेब म्हणाले. “माणसाचं वेगळं काढता येत नाही त्यात.”

चौतीस वर्षांची नोकरी आणि वरचे आठ महिने धरून हे त्यांचं पहिलंच खोटं वजन. त्यांना अजिबात वाईट वाटलं नाही. विहीणबाई हसत आत गेल्या. त्यांना काय कळायचं ते कळलं होतं.

चौदाव्या खेपेला चारशे बावन्न आणि चारशे पन्नास भरलं. साहेबांना उरलेले दोन किलोही काढायचे होते, पण व्याहींकडे पाहून त्यांनी वही मिटली. “पुरे,” ते म्हणाले. व्याहींना खरंच वाटेना.

पुढच्या ट्रॅकच्या दिवशी हवा थंड होती आणि आकाश स्वच्छ. व्याहींनी टायर हाताने चाचपून बघितले, दोन चकरा सावकाश काढल्या आणि मग मोकळी सोडली. लांबचं डावं वळण आलं तेव्हा साहेबांनी भिंत घट्ट धरली. गाडी आत शिरली, जरा झुकली, आणि दोरीने ओढल्यासारखी वळणातून निघून गेली. पुढचं उजवं, तेही तसंच. पुढच्या चकरेला वेग वाढला, तरी तसंच. नव्या कोऱ्या दोन गाड्या तिला मागे टाकून गेल्या, पण वळणात तिने एकीला गाठलं. भिंतीपाशी उभा असलेला कोणीतरी म्हणाला, “ही जुनी बरी पळतेय की!” साहेबांनी मान वळवून त्या अनोळखी माणसाला स्प्रिंगा, तिरकी बेरीज आणि फरशीची पातळी इथपर्यंत सगळं समजावलं. तो बिचारा पाच मिनिटं ऐकून घेऊन चहा प्यायला गेला.

व्याही आत आले, शिरस्त्राण काढलं. चेहरा लाल, केस घामाने चिकटलेले, आणि डोळे असे की साठीचा माणूस म्हणावा का हा प्रश्न पडावा.

“चला, बसा बाजूला.”

“मी? छे. मी बसलो की अडुसष्ट किलो वाढतील डावीकडे. सगळं गणित बिघडेल.”

“बिघडू द्या की हो एकदा!”

साहेब बसले. पट्टे आवळले, उसनं शिरस्त्राण कानांवर घट्ट बसलं. पहिल्या सरळ पट्ट्यावर पाठ बाकात रुतली. पहिल्या वळणाच्या आधी व्याहींनी ब्रेक दाबला तेव्हा सगळं शरीर पट्ट्यांत लटकलं, आणि मग ते डावं वळण आलं. साहेबांना वाटलं होतं भीती वाटेल. पण बाजूला बघितलं तर व्याहींचे दोन हात स्टिअरिंगवर इतके शांत होते, झोपलेल्या बाळाला उचलावं तसे. गाडीचं वजन पुढून मागे, डावीकडून उजवीकडे वाहताना त्यांना अंगात जाणवत होतं. जन्मभर काट्यावर स्थिर बसलेलं वजन पाहिलं, ते हलताना असं असतं तर! ते मोठमोठ्याने काहीतरी ओरडत होते. काय, ते दोघांनाही नंतर आठवलं नाही.

तीन चकरा झाल्या. उतरल्यावर व्याहींनी साहेबांच्या काखेत हात घालून त्यांना बाकावर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसले. दोघांनी एकाच बाटलीतून पाणी प्यायलं.

दुपारी लेकीचा फोन आला. “बाबा, कसं झालं? सासरे ठीक आहेत ना?”

“तुझे सासरे ना,” साहेब म्हणाले, “फार सुंदर चालवतात गं.” व्याही ऐकत होते, आणि न ऐकल्यासारखं करत टायरमधली खडी एकेक वेचून काढत होते.

परतीच्या रस्त्यावर ऊन उतरायला लागलं होतं. व्याहींनी गाडी डावीकडच्या पट्ट्यात धरली आणि ताशी साठवर ठेवली. मागून ट्रक आले, मोटारसायकली आल्या, एकाने हॉर्न वाजवून चिडवलंही. सगळ्यांना त्यांनी हाताने पुढे जायची खूण केली. एकदा काहीतरी विचारावं म्हणून त्यांनी बाजूला मान वळवली, तर वही मांडीवर उघडी ठेवून साहेब गाढ झोपले होते. पुढे रस्त्यावर गतिरोधकांची रांग होती. व्याहींनी गिअर खाली आणला आणि प्रत्येक उंचवट्यावरून आधी एक चाक, मग दुसरं, अशी गाडी अलगद उतरवत नेली.